सर्जनचा थिसिस

एम.एस. जनरल सर्जरी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. या काळात निवासी डॉक्टर अपेंडिक्स काढायला, हर्निया दुरुस्त करायला, आतड्याला टाके घालायला शिकतात. मध्यरात्री कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णाचे पोट लगेच उघडायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे ठरवायलाही शिकतात. याच तीन वर्षांत त्यांना एक प्रबंध, म्हणजे थिसिस, लिहावा लागतो. तो मंजूर झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे भारतात एम.एस. झालेल्या प्रत्येक सर्जनच्या नावावर निदान एक संशोधन असते. पुष्कळांच्या बाबतीत ते पहिले आणि शेवटचे ठरते, आणि यात दोष बहुधा त्यांचा नसतो.

थिसिसचे वेळापत्रक ठरलेले आहे. प्रवेशानंतरच्या पहिल्या सहाएक महिन्यांत विषय पक्का करून सिनॉप्सिस लिहावा लागतो. मार्गदर्शक, म्हणजे गाइड, विभागातलेच एक अध्यापक असतात. सिनॉप्सिस आधी विभागात वाचला जातो, मग संस्थेच्या एथिक्स कमिटीपुढे जातो. महाराष्ट्रात त्याची नोंद पुढे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे होते. त्यानंतर दीडेक वर्ष रुग्ण गोळा करायचे, त्यांचा पाठपुरावा ठेवायचा, मास्टर चार्ट भरायचा, आकडेमोड करायची आणि परीक्षेच्या सहा महिने आधी प्रत सादर करायची. ती किमान तीन परीक्षक तपासतात आणि त्यांतले दोन बाहेरचे असतात. एम.एस.ऐवजी डीएनबी करणाऱ्यांनाही थिसिस चुकत नाही.

अडचण सुरू होते ती विषय निवडताना. पहिल्या वर्षाचा निवासी, म्हणजे वॉर्डाच्या भाषेत जेआर-१, त्या वेळी ड्रेसिंग, रक्ताचे नमुने, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड यांत गळ्यापर्यंत बुडालेला असतो. कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे हे कळायला जो अनुभव लागतो तो त्याच्यापाशी नसतो आणि वाचून तो भरून काढावा म्हटले तर वेळ नसतो. मग गाइड एक शीर्षक देतात, किंवा एखाद्या सीनियरचा जुना विषय जरा वळवून घेतला जातो. अमुक आजाराच्या पन्नास रुग्णांचा अभ्यास, अमुक दोन पद्धतींची तुलना, अशा साच्यांत दरवर्षी नवे थिसिस ओतले जातात. विषय चुकीचा असतो असे नाही. पण पन्नास-साठ रुग्णांत त्या प्रश्नाचे उत्तर मिळणार का, हा हिशेब अनेकदा मांडलेलाच नसतो.

हा हिशेब एकदा नीट पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या रुग्णालयात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरातल्या वीस जणांची जखम चिघळते. नव्या ड्रेसिंगमुळे हे प्रमाण पंधरावर येते का, हे तपासायचे आहे. शंभरामागे पाच माणसांचा फरक रुग्णाच्या दृष्टीने मोठा आहे. तो योगायोग नव्हे एवढे खात्रीने म्हणण्यासाठी रूढ संख्याशास्त्रीय निकषांप्रमाणे प्रत्येक गटात सुमारे ९०० रुग्ण लागतात, म्हणजे एकूण अठराशे. थिसिसमध्ये असतात साठ, एका गटात तीस. त्यातून ‘दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि तो वाचणाऱ्याला वाटते की फरक नाहीच. प्रत्यक्षात फरक असला तरी तो दिसण्याची सोय त्या अभ्यासात नव्हती. नमुन्याची संख्या आधी काढणे ही थिसिसमधून शिकण्याची पहिली गोष्ट आहे, आणि ती काढल्यावर विषयच बदलावा लागला तर तो बदलणे ही दुसरी.

शस्त्रक्रियेतले संशोधन औषधांच्या संशोधनापेक्षा मुळातच अवघड असते. गोळीच्या चाचणीत एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी देता येते. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळत नाही. टेबलावर उभ्या असलेल्या सर्जनपासून तो काय करतो आहे हे लपवता येत नाही. शिवाय गोळी सगळीकडे एकच असते, हात सारखे नसतात. एखादी नवी शस्त्रक्रिया पहिल्या वीस रुग्णांत वाईट ठरेल आणि पुढच्या शंभरात चांगली, कारण मधल्या काळात करणारा तयार झालेला असतो. लटकी शस्त्रक्रिया करून तुलना करण्याचे धाडस थोड्यांनी केले. २००२ मध्ये अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांवर तशी चाचणी झाली. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई केली, तर काहींच्या त्वचेवर फक्त छेद देऊन टाके घातले. दोन्ही गटांतल्या वेदनांत फरक पडला नाही. जगभर रोज होणाऱ्या एका शस्त्रक्रियेचा पाया त्या एका चाचणीने हलवला.

या अडचणींमुळे सर्जनांचा ओढा वर्षानुवर्षे ‘माझ्या इतक्या रुग्णांवर मी हे केले आणि असे झाले’ या प्रकारच्या लेखांकडे राहिला. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी याच सवयीवर बोचरी टीका करणारा लेख लिहिला, तेव्हा सर्जन मंडळी रागावली. पण पुढच्या काळात शस्त्रक्रियांच्या शास्त्रशुद्ध चाचण्यांकडे लक्ष वाढले, त्याला अशा टीकेचाही हातभार लागला. ‘आयडियल’ नावाची चौकट २००९ मध्ये मांडली गेली. नवी शस्त्रक्रिया कल्पनेपासून दीर्घकालीन नोंदीपर्यंत कोणत्या टप्प्यांनी तपासावी हे तीत सांगितले आहे. पन्नास रुग्णांचा थिसिसही या चौकटीत बसतो, मात्र सुरुवातीच्या टप्प्यांवर. अंतिम निवाडा करण्याचा आव त्याने आणू नये.

निवासी डॉक्टर ही व्यवस्था आणि संशोधन यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हालस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन पद्धतीवर निवासी प्रशिक्षण सुरू केले. तिथेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंटेरियन प्रयोगशाळा उभी राहिली. हार्वी कुशिंग तिथे शिकणाऱ्यांकडून कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करवून घेत, आणि नोंदी माणसाच्या शस्त्रक्रियेइतक्याच काटेकोर ठेवायला लावत. गंमत अशी की, स्तनाच्या कर्करोगासाठी छातीच्या स्नायूंसकट सगळे काढून टाकण्याची हालस्टेड यांचीच शस्त्रक्रिया पुढे सत्तर-ऐंशी वर्षे जवळजवळ प्रश्न न विचारता चालू राहिली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने विभागणी करून चाचण्या केल्या तेव्हा कुठे कमी कापूनही रुग्ण तितक्याच जगतात हे सिद्ध झाले. शिकवणाऱ्याचा दबदबा जितका मोठा, तितका त्याच्या मताचा पुरावा मागणे शिष्याला अवघड जाते.

मुंबईतही प्रयोगशाळेची परंपरा होती. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन आणि त्यांचे सहकारी हृदयरोपणाचे प्रयोग कुत्र्यांवर करत होते. त्या तयारीच्या जोरावर १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, म्हणजे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या रोपणानंतर अडीच महिन्यांनी, तिथे भारतातले पहिले मानवी हृदयरोपण झाले. रुग्ण काही तासच जगला. सेन यांच्या हाताखाली तयार झालेल्या पिढीला मात्र ऑपरेशन थिएटर आणि प्रयोगशाळा यांच्यात ये-जा करण्याची सवय लागली. आज प्राण्यांवरच्या प्रयोगांना स्वतंत्र समितीची परवानगी लागते, खर्चही मोठा असतो. त्यामुळे बहुतेक निवासींचे संशोधन वॉर्डातल्या रुग्णांवरच होते.

वॉर्डातल्या प्रश्नांतून किती मोठे काम उभे राहू शकते याची उदाहरणे शोधायला मुंबईबाहेर जावे लागत नाही. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की त्या दिसू लागल्यावर, यावर सर्जनांत अनेक दशके वाद होता. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. त्याच संस्थेच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १६०० रुग्णांवर त्याहून साधा प्रश्न तपासला. गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी तिच्याभोवती बधिर करण्याचे नेहमीचे औषध, लिग्नोकेन, टोचले तर काय होते? २०२३ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलेले दिसले. औषधाची किंमत नगण्य आहे.

आणखी एक उदाहरण अध्यापन रुग्णालयाबाहेरचे आहे, पण थिसिसचा विषय शोधणाऱ्याने ते वाचावे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा इथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यापुढे प्रश्न होता तो हर्नियाच्या जाळीच्या किमतीचा. कंपनीची जाळी खेड्यातल्या रुग्णाला परवडत नव्हती. त्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले, इतर ग्रामीण सर्जनांना त्यात सामील करून घेतले आणि २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त निष्कर्ष छापले. पुढे स्वस्त जाळीचा प्रश्न घेऊन युगांडात ३०२ पुरुषांवर चिठ्ठी पद्धतीने चाचणी झाली. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार मच्छरदाणीच्या कापडासारखी स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी यांच्यात वर्षभरात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. प्रश्न आपल्या रुग्णांचा असेल आणि तो नेमका असेल, तर त्याला परदेशी प्रयोगशाळेची गरज पडत नाही.

संशोधनाची पद्धत शिकवण्याची औपचारिक सोय आता पूर्वीपेक्षा बरी आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केलेला जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ऑनलाइन करावा लागतो. त्यात संशोधनप्रश्न, अभ्यासाचे प्रकार, नमुना, नैतिकता, आकडेवारी हे सगळे येते. शेवटी परीक्षा असते. व्याख्याने उत्तम आहेत. रात्रपाळी करून आलेला निवासी ती दुप्पट वेगाने ऐकतो, हा भाग वेगळा. जर्नल क्लब बहुतेक विभागांत आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा होतो. तो गांभीर्याने चालवला तर त्याच्याइतकी स्वस्त शाळा नाही. लेखाचा सारांश वाचून दाखवण्याऐवजी ‘या चाचणीत कोणाला वगळले आणि का’ एवढा एकच प्रश्न दर वेळी विचारला तरी वर्षभरात नजर तयार होते. कॉलेजातल्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागात संख्याशास्त्राची मदत मिळते. फक्त तिथे सिनॉप्सिसच्या आधी जायचे असते. बहुतेक जण माहिती गोळा झाल्यावर जातात, आणि तेव्हा सुधारण्यासारखे काही उरलेले नसते.

याहून वरच्या पायरीवर मुक्कामी कार्यशाळा आहेत. टाटा मेमोरियल सेंटर आणि राष्ट्रीय कर्करोग जाळे मिळून ‘क्रेडो’ नावाची आठवडाभराची कार्यशाळा घेतात. सहभागी होणारा एक कच्ची कल्पना घेऊन येतो, आणि अनुभवी संशोधक व संख्याशास्त्रज्ञांबरोबर बसून तिचा चाचणीचा संपूर्ण आराखडा करूनच परततो. ती कर्करोगापुरती आहे आणि जागा मोजक्या असतात. पण शिकवण्याचा हा ढंग कोणत्याही विभागाला उचलता येईल. पैशांची गरज असेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद एम.डी.-एम.एस.च्या थिसिससाठी अर्थसाहाय्य देते, त्यासाठी आराखडा वेळेत आणि नीट लिहिलेला लागतो.

नैतिक परवानगीकडे अडथळा म्हणून पाहण्याची रीत आहे. ती सोडलेली बरी. रुग्णाला समजेल अशा मराठीत संमतीपत्र लिहिताना निवासीला आपला अभ्यास स्वतःलाच समजावून सांगावा लागतो, आणि तो समजावता येत नसेल तर आराखड्यात कुठेतरी गोंधळ आहे. शासकीय रुग्णालयातल्या रुग्णाला डॉक्टरला नाही म्हणणे कठीण जाते. म्हणून संमती कोणी घ्यायची, कधी घ्यायची, शस्त्रक्रियेच्या ट्रॉलीवर घ्यायची नाही, हेही आधी ठरवावे लागते. अभ्यासात रुग्णाला एखादा उपचार वाटून दिला जात असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत नोंद करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद स्वीकारली जात नाही. ही नोंद वेळेत न झाल्याने चांगले थिसिस पुढे नियतकालिकांच्या दारातून परत येतात.

साठ रुग्णांच्या मर्यादेवरचा खरा उपाय इंग्लंडमधल्या निवासींनी शोधला. तिथे प्रशिक्षणार्थी सर्जन एकाच प्रदेशातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत आळीपाळीने काम करतात. बर्मिंगहॅम परिसरातल्या प्रशिक्षणार्थींनी ठरवले की प्रत्येकाने स्वतंत्र छोटा अभ्यास करण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एक मोठा करायचा; एक जण बदलून गेला की त्याच्या जागी येणारा काम पुढे नेईल. त्यातून ‘रोसिनी’ ही चाचणी झाली. पोटाच्या शस्त्रक्रियेत जखमेच्या कडांना प्लॅस्टिकचे संरक्षक कडे लावले तर संसर्ग कमी होतो का, हा प्रश्न होता. २१ रुग्णालयांतले ७६० रुग्ण घेतले गेले आणि निष्कर्ष २०१३ मध्ये आला. कडे लावलेल्या गटात संसर्ग २४.७ टक्के, न लावलेल्यात २५.४ टक्के. उपयोग नाही. साठ रुग्णांच्या अभ्यासातही ‘फरक नाही’ असेच छापले असते, पण इथे त्या वाक्याला वजन होते.

हीच कल्पना पुढे ‘ग्लोबलसर्ज’ नावाने जगभर गेली. वैद्यकीय विद्यार्थी, निवासी आणि सर्जन यांच्या छोट्या तुकड्यांनी आपापल्या रुग्णालयात दोन आठवडे येणाऱ्या प्रत्येक तातडीच्या पोटाच्या शस्त्रक्रियेची एकाच नमुन्यात नोंद करायची, एवढे साधे काम होते. पहिल्या फेरीत ५८ देशांतून १०,७४५ रुग्णांची माहिती जमली. मग चाचण्या आल्या. ‘फाल्कन’मध्ये भारतासह सात देशांतल्या ५४ रुग्णालयांत ५,७८८ रुग्ण होते. महागडे जंतुनाशक आणि औषध लावलेला धागा वापरून जखमेचा संसर्ग घटत नाही, असे तिने २०२१ मध्ये दाखवले. ‘चीता’मध्ये रुग्णांऐवजी रुग्णालयांच्या चिठ्ठ्या टाकल्या. काही रुग्णालयांनी पोट शिवण्यापूर्वी सगळ्यांचे हातमोजे आणि उपकरणे बदलायची, बाकीच्यांनी नेहमीसारखे काम करायचे. १३,३०१ रुग्णांनंतर २०२२ मध्ये उत्तर मिळाले: संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. या जाळ्याचे भारतातले केंद्र लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आहे. अशा अभ्यासात निवासीचे नाव शेकडो सहकाऱ्यांच्या यादीत येते, पहिला लेखक म्हणून नव्हे, आणि काहींना ते कमीपणाचे वाटते. पण काटेकोर नोंद कशी ठेवायची, तिसाव्या दिवशी रुग्णाला फोन करून जखम कशी विचारायची, हरवलेल्या रुग्णाचे काय करायचे, हे त्याला तिथे मिळते तितके एकट्याच्या थिसिसमध्ये मिळत नाही. आपल्याकडेही मुंबईतल्या केईएम आणि सायन रुग्णालयांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या रुग्णालयांबरोबर २०१३ पासून सुमारे १६,००० अपघातग्रस्तांची नोंद ठेवली होती. या एका संग्रहातून अनेक लेख निघाले.

परदेशांनी वेळेचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. अमेरिकेत जनरल सर्जरीचे प्रशिक्षण पाच वर्षांचे. विद्यापीठांच्या मोठ्या रुग्णालयांत निवासी मध्येच एक-दोन वर्षे थांबून केवळ संशोधन करतात आणि मग वॉर्डात परततात. त्यासाठी सरकारी आणि सर्जनांच्या संघटनांच्या शिष्यवृत्त्या असतात. ब्रिटनमध्ये ‘अकॅडेमिक क्लिनिकल फेलो’ म्हणून निवडलेल्यांना कामाच्या वेळेपैकी पाव हिस्सा संशोधनासाठी राखून मिळतो. भारतात असा राखीव वेळ नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत कामाचे तास ‘वाजवी’ असावेत असे म्हटले आहे, आणि वाजवी म्हणजे किती हे युनिट ठरवते. जिल्हा रुग्णालयात काढायचे तीन महिने, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, संशोधनाच्या दृष्टीने दुर्लक्षित आहेत. जिल्ह्यातून मोठ्या रुग्णालयात रुग्ण का आणि किती उशिरा पाठवले जातात, हा प्रश्न तिथूनच विचारता येतो.

आयोगाच्या याच नियमांनुसार परीक्षेला पात्र होण्यासाठी परिषदेत पोस्टर, परिषदेत निबंधवाचन किंवा पहिला लेखक म्हणून एक छापील लेख, यांपैकी एक पुरे आहे. साहजिकच बहुतेकांची पसंती पोस्टरला असते. राज्यातल्या सर्जनांची ‘मासिकॉन’ आणि देशपातळीवरची ‘असिकॉन’ या परिषदांत ती लावली जातात. लेख छापण्याच्या घाईत पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या जाळ्यात सापडण्यापेक्षा प्रामाणिक पोस्टर केव्हाही बरे. पण पोस्टर परिषद संपली की उतरते. छापून आलेला लेख पुढच्या जेआर-१ ला सापडतो आणि निदान तोच अभ्यास पुन्हा करण्यापासून त्याला वाचवतो.

पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी कॉलेज निवडताना विद्यार्थी सीनियरना हमखास विचारतात, ‘कटिंग किती मिळतं?’ हाताला काम किती मिळेल हे सर्जरीत विचारलेच पाहिजे. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: या विभागातले गेल्या तीन वर्षांतले किती थिसिस छापून आले, आणि विभाग सध्या कोणत्या बहुकेंद्री चाचणीत सामील आहे.